दगडाचा डोंगर कोणता? मुंबईच्या गॉथिक वास्तू, साष्टीतील खाणी आणि पेंटेलिकॉनचा दाखला

प्रास्ताविक

घोडपदेव ही वस्ती माझगाव, भायखळा आणि काळाचौकी यांच्या मध्ये वसलेली आहे. ज्या दैवताच्या मंदिरावरून वस्तीला हे नाव मिळाले ते मंदिर तेथे आहे. वस्तीच्या दक्षिणेस माझगावची भंडारवाडा टेकडी आहे. उत्तरेकडे गोलंजी टेकडी आणि जिच्यावर किल्ला आहे ती शिवडीची टेकडी. पूर्वेकडे उतरत गेले की १९१० मध्ये सुरू झालेले रे रोड स्थानक लागते आणि त्यापलीकडे सारी जमीन सपाट होते. ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात माझगाव ते शिवडी असा सुमारे ५८३ एकरांचा भराव घालून ती समुद्रातून मिळवली. म्हणजे घोडपदेवच्या रहिवाशाला अर्ध्या तासाच्या पायपिटीत मुंबईच्या भूगोलाचे दोन्ही घटक पाहावयास मिळतात: उरलेली टेकडी आणि बुजलेला समुद्र.

मुंबईच्या इतिहासलेखनात बुजलेल्या समुद्राला मानाचे स्थान मिळाले आहे. सात बेटे, हॉर्नबी वेलार्डचा बांध, बॅकबेची भरावयोजना आणि तिचे १८६५ मधील दिवाळे यांविषयी शालेय पुस्तकापासून प्रबंधापर्यंत विपुल लेखन झाले. परंतु ज्या डोंगरांना फोडून हे शहर उभे राहिले त्या डोंगरांचा इतिहास कोणी सलगपणे लिहिल्याचे दिसत नाही. डोंगरी, खडक, गिरगाव ही नावे टिकली. त्यांमागचे उंचवटे एक तर सपाट झाले किंवा घरांखाली दिसेनासे झाले. शहराच्या सर्वांत प्रतिष्ठित वास्तू, ज्यांना २००४ आणि २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांचा दगड तर शहराबाहेरच्या डोंगरांतून आला. या दुसऱ्या डोंगरांचा, म्हणजे कुर्ला आणि मालाड परिसरातील खाणींचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी तुलनेला अथेन्सजवळील पेंटेलिकॉन हा प्राचीन ग्रीक जगातील संगमरवराचा डोंगर घेतला आहे. ही निवड काहीशी अनपेक्षित वाटेल. परंतु एखाद्या शहराने आपल्या डोंगराची आठवण कशी ठेवावी, याचा जुना आणि लेखी पुरावा तेथे उपलब्ध आहे.

पेंटेलिकॉन: हिशेब ठेवलेला डोंगर

पेंटेलिकॉन अथेन्सच्या ईशान्येस आहे. त्याचे जुने नाव ब्रिलेसॉस. पेंटेली या गावावरून पुढे पेंटेलिकॉन हे नाव रूढ झाले. त्याची उंची सुमारे १,१०० मीटर आणि अ‍ॅक्रोपोलिसपासूनचे अंतर सोळा-सतरा किलोमीटर. येथील संगमरवर बारीक कणांचा व शुभ्र असून त्यात लोहाचा अंश असतो, त्यामुळे शतकांच्या ऊनपावसाने त्यावर सोनेरी झाक चढते. पार्थेनॉनचा जो रंग आज आपण छायाचित्रांत पाहतो, तो या लोहाचा परिणाम होय.

पार्थेनॉनचे बांधकाम इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात झाले. इक्टिनॉस व कॅलिक्राटीस हे त्याचे स्थपती आणि फिडियस हा शिल्पकामाचा प्रमुख, एवढे आपण सारे शिकवतो. वर्गात सहसा न सांगितली जाणारी बाब अशी की, या बांधकामाचे वार्षिक हिशेब अथेन्सच्या लोकांनी संगमरवरी शिळांवर कोरून जाहीरपणे उभे केले होते. त्यांचे तुकडे सापडले आहेत. त्यांत पेंटेलिकॉनवर दगड काढणाऱ्यांना दिलेली रक्कम, रस्ता करणाऱ्यांना दिलेली रक्कम, गाड्यांवर दगड चढविण्याचा व वाहून आणण्याचा खर्च, अशा स्वतंत्र नोंदी आढळतात. देवीचे मंदिर बांधणारे नगर देवीच्या नावाने जमाखर्च मांडताना डोंगरावरच्या माणसाला वगळत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्यानंतर काही दशकांनी पूर्ण झालेल्या इरेक्थिऑन या मंदिराचे हिशेब तर आणखी बोलके आहेत. त्यांत कारागिरांची नावे आहेत. ज्यांचा सामाजिक दर्जा कळतो अशा ८६ कामगारांपैकी २४ नागरिक, ४२ परदेशी रहिवासी आणि २० गुलाम होते, असे अभ्यासकांनी मोजले आहे. एकाच स्तंभावर पन्हळी कोरणाऱ्या नागरिकाला व गुलामाला मजुरीचा दर सारखाच, बहुधा दिवसाला एक द्राख्मा, असे दिसते. अर्थात गुलामाची मजुरी त्याच्या हाती किती पडत असेल हा प्रश्न वेगळा. अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे गाण्यासाठी हा पुरावा वापरणे योग्य होणार नाही. पार्थेनॉनसाठी लागलेल्या पैशाचा एक भाग मित्रनगरांच्या खंडणीतून आला होता, आणि त्यावरून पेरिक्लिसवर टीका झाल्याचे प्लुटार्कने नोंदवले आहे. तरीही अन्याय आणि नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. अन्याय झाला तेथेही नोंद असेल तर इतिहासकाराला निदान काही विचारता येते.

खाणीतील काम कसे चालत असे हे मानोलिस कोरेस या वास्तुविशारदाच्या संशोधनामुळे पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. ज्या दिशेने दगड सहज सुटतो ती दिशा हेरून चिऱ्याभोवती चर खोदायचा, खालून पाचरी ठोकायच्या आणि पहारींनी तो सुटा करायचा. सुटलेला चिरा जागेवरच ओबडधोबड घडवायचा, म्हणजे वाहतुकीचे ओझे कमी होते. मग लाकडी घसरगाडीवर दोरांनी बांधून, उतारावरील फरसबंद वाटेने, कडेच्या खुंटांना दोरांचे वेढे देत तो सावकाश खाली सोडायचा. खाली बैलांच्या व खेचरांच्या गाड्या तयार असत. याच कामासंबंधी ॲरिस्टॉटल व प्लुटार्क या दोघांनीही एक हकिकत दिली आहे. म्हातारे झाल्यामुळे कामातून मोकळे केलेले एक खेचर रोज आपणहून गाड्यांच्या जनावरांबरोबर अ‍ॅक्रोपोलिसची वाट चालू लागले; तेव्हा त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने चारा द्यावा असे अथेन्सकरांनी ठरवले. हकिकत शब्दशः खरी असो वा नसो, दगड वाहणाऱ्या जनावराचीही आठवण त्या नगराने जपली एवढे तिच्यावरून म्हणता येते.

डोंगर अक्षय नसतो याचे भानही त्या काळी होते. इ. स. च्या दुसऱ्या शतकात हेरोडीस ॲटिकस या धनिकाने अथेन्सचे क्रीडांगण पेंटेलिकॉनच्या संगमरवरात बांधले, तेव्हा खाणीचा बराचसा भाग त्यातच संपला, असे पॉसानियस हा प्रवासवर्णनकार लिहितो. या डोंगरावर अथेना देवीची मूर्ती होती असेही तो सांगतो. एका जुन्या खाणीजवळच्या गुहेत वनदेवतांना वाहिलेली शिल्पे १९५२ मध्ये सापडली. डोंगर फोडणारे हात त्या डोंगराच्या देवतांना काही देणे लागतात, ही भावना आपल्याकडील वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडची जुनी रीत

येथे मुंबईकडे वळण्यापूर्वी पश्चिम भारताच्या प्राचीन परंपरेचा उल्लेख आवश्यक आहे, कारण ती ग्रीक रीतीच्या नेमकी उलट आहे. अथेन्सने डोंगर कापून नगरात आणला. आपल्या पूर्वसूरींनी वास्तू डोंगरातच ठेवली आणि नको तेवढा दगड काढून टाकला. साष्टी बेटावरील कान्हेरी, महाकाली व जोगेश्वरी, तसेच समुद्रातील घारापुरी ही याची उदाहरणे होत. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात दात्यांबरोबर कामावर देखरेख करणाऱ्यांचा आणि दगडकाम व घासकाम करणाऱ्या कारागिरांचाही निर्देश आहे. कार्ले येथे धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने द्वाराचे काम केल्याचा लेख आहे, आणि तेथील अनेक स्तंभ ‘यवन’ म्हणवणाऱ्या दात्यांनी दिलेले आहेत. यवन म्हणजे नेमके कोण यावर वाद असला तरी हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा. ज्या भाषेत पेंटेलिकॉनचे हिशेब लिहिले गेले त्या भाषेच्या जगाशी सह्याद्रीतील पाथरवटांचा दूरान्वयाने का होईना संबंध आला होता.

तात्पर्य, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या लेखांतही कारागीर पूर्णपणे अदृश्य नाही. तो अदृश्य झाला तो पुढे.

कुर्ला आणि मालाड

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२ ते १८६७) मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची एक मालिकाच उभी राहिली. अमेरिकन यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाच्या व्यापारातून शहरात अफाट पैसा आला होता. राजाबाई टॉवरसाठी दोन लाख रुपये देणारे प्रेमचंद रायचंद हे त्याच व्यापारातले. पार्थेनॉनमागे मित्रनगरांची खंडणी, राजाबाई टॉवरमागे वऱ्हाड-गुजरातच्या शेतातला कापूस: दोन्हीकडे पैसा दुरून आला आणि दगड जवळून.

तो दगड कोणता? क्रॉफर्ड मार्केट (१८६९) पिवळसर कुर्ला दगडाचे असून त्याला वसईच्या तांबड्या दगडाची जोड आहे. राजाबाई टॉवर (१८६९ ते १८७८) कुर्ला दगडाचा, नक्षीकाम पोरबंदरच्या मऊ चुनखडकाचे. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (१८७८ ते १८८८), येथे मालाडचा पिवळा दगड आहे. जनरल पोस्ट ऑफिस (१९१३) काळ्या बसाल्टचे, त्यावर पिवळा कुर्ला दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या १९१४ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत कुर्ल्याचा करडा बसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड एकत्र आले. गेटवे ऑफ इंडियाचा (१९२४) पिवळा दगड मालाडजवळच्या खारोडीचा.

या नोंदी वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘कुर्ला दगड’ हे बाजारातील नाव आहे, भूशास्त्रातील नव्हे. तेच नाव एका इमारतीत पिवळसर दगडाला आणि दुसरीत करड्या बसाल्टला लावलेले दिसते. मालाडचा दगड बसाल्ट नसून ट्रॅकाइट या वेगळ्या ज्वालामुखी खडकाच्या जातीचा आहे. दख्खनच्या पठारावर सर्वत्र पसरलेल्या काळ्या फत्तराहून तो रंगाने उजळ, म्हणूनच गॉथिक शैलीतील रंगसंगतीसाठी वास्तुविशारदांना तो सोयीचा वाटला. त्या खडकाचे क्षेत्र मात्र मर्यादित आहे. ज्याला आपण ‘मुंबईचा पिवळा रंग’ म्हणतो तो साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका अरुंद पट्ट्याचा रंग आहे.

हा पट्टा तेव्हा मुंबईत नव्हता. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६७ मध्ये विरारची गाडी बॅकबेपर्यंत आली, त्यामुळे कुर्ला व मालाड शहराला वाहतुकीच्या दृष्टीने जवळचे झाले. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने ती ठाणे जिल्ह्यातील गावे होती. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला. कुर्ला १९५० मध्ये आणि मालाड १९५७ मध्ये बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. शहराने गाव सामावून घेण्यापूर्वी ऐंशी-नव्वद वर्षे त्याचा डोंगर नेला होता. खाणीतला खड्डा ठाणे जिल्ह्याचा आणि मनोरा मुंबईचा, अशी ही विभागणी. मुंबईच्या इतिहासात डोंगराला जागा न मिळण्याचे एक कारण प्रस्तुत लेखकास येथे दिसते. पेंटेलिकॉन अथेन्सच्याच भूमीत होता आणि तेथील रहिवासी अथेन्सचे नागरिक होते, हा फरक लहान नाही.

दुसरे कारण अधिक कठीण आहे. दगड फोडणारे कोण होते?

टाकीचे घाव

या इमारतींच्या इतिहासात नावे नाहीत असे नाही. राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते भारतात कधीही आले नव्हते हे आवर्जून सांगितले जाते. टॉवरवरील पश्चिम भारतातील विविध समाजांच्या पुतळ्यांचे नमुने रावबहादूर मकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने केले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे सहायक म्हणून सीताराम खंडेराव वैद्य यांचे नाव येते. जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेल्या कोरीवकामाची नोंद आहे. म्हणजे नोंदीची शिडी वास्तुविशारदापासून एतद्देशीय अभियंत्यापर्यंत आणि तेथून नक्षीकारापर्यंत उतरते. त्याखालची पायरी नाही. खाणीत सुतकी चालवणारा, खडी फोडणारा, चिरा गाडीवर चढवणारा माणूस या शिडीवर कोठेच दिसत नाही.

महाराष्ट्रात हे काम परंपरेने वडार समाजाकडे आहे. गाडीवडार दगड फोडून वाहणारे, मातीवडार खोदकाम व मातीचे बांध करणारे, आणि पाथरवट जाती, पाटे घडवणारे, असे त्यांचे पोटभेद. त्यांच्या घरची भाषा तेलुगूशी नाते सांगणारी आणि बाहेरची मराठी. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत अनेक भटक्या समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार समाजाची नोंद आहे. ज्या राजवटीने आपल्या वैभवाच्या इमारतींसाठी दगड मागवला तिच्याच दप्तरात दगड फोडणाऱ्या जमातींची ओळख पोलीस-नोंदवहीतून होते, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. अथेन्सचा गुलामही मंदिराच्या हिशेबात मजुरीच्या रकान्यात सापडतो.

आपल्या भाषेनेही याबाबत काही फार चांगली कामगिरी केलेली नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण निबंधातून व निरोपसमारंभातून सर्रास वापरतो. या म्हणीत दगडाच्या सोसण्याचा गौरव आहे. टाकी धरणाऱ्याच्या फुप्फुसात जाणाऱ्या धुळीचा तिला पत्ता नाही. खाणीत आणि दगडकामात वर्षानुवर्षे श्वासावाटे जाणारी बारीक धूळ फुप्फुसे निकामी करते, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे.

नोंदी नाहीत म्हणून अभ्यास अशक्य आहे असे मात्र नव्हे. दगड स्वतःच एक दस्तऐवज आहे. भराव आणि खडीसाठी सुरुंग चालतो, परंतु घडीव चिऱ्याला सुरुंग घातक, कारण आत न दिसणारे तडे जातात. म्हणून दर्शनी भिंतीतला प्रत्येक चिरा पाचरीने व हाताने सोडवलेला असण्याचीच शक्यता अधिक. त्याच्या पृष्ठभागावर टाकीचे माग असतात. ते तिरपे आहेत की उभे, दाट आहेत की विरळ, कडेची पट्टी किती रुंद ठेवली आहे, यावरून हात वेगळे ओळखता येतात. प्रस्तुत लेखकाने पदवीच्या विद्यार्थ्यांसह फोर्ट भागातील भिंतींचे असे निरीक्षण केले, तेव्हा इमारतींच्या शैलीविषयी तयार उत्तरे देणाऱ्या मुलांपेक्षा एका विद्यार्थिनीचा प्रश्न अधिक मोलाचा ठरला. तिने एवढेच विचारले: सर, एवढा दगड निघाला तर त्या जागी आता काय आहे?

उरलेला सुळका

त्या प्रश्नाचे एक उत्तर अंधेरीत उभे आहे. गिल्बर्ट हिल हा सुमारे २०० फूट उंचीचा, उभ्या स्तंभांनी बनलेला काळ्या बसाल्टचा कडा. अमेरिकेतील वायोमिंगच्या ‘डेव्हिल्स टॉवर’शी त्याची तुलना केली जाते. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो बनला. आज तो एकाकी सुळक्यासारखा दिसतो, त्याचे श्रेय मात्र केवळ निसर्गाचे नाही. भोवतालचा खडक खाणकामात निघून गेला आणि मधला भाग उरला. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला. कायद्याचे संरक्षण येण्यापूर्वी देवीचे संरक्षण होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो पूर्णपणे सिद्ध करता येणार नाही, पण घोडपदेवसारख्या वस्त्या आपले नाव जमिनीच्या मालकावरून न घेता दैवतावरून घेतात, त्या शहरात ही शक्यता फेटाळण्याचे धाडस करवत नाही.

कुर्ला आणि मालाडच्या बहुतेक खाणींचे भाग्य असे नव्हते. खाणी बंद झाल्या आणि फोडलेल्या उतारांवर वस्त्या चढल्या. एकेका पावसाळ्यात उघड्या कड्यांखालच्या घरांवर दरड कोसळल्याची बातमी येते, तेव्हा तिच्याकडे नैसर्गिक आपत्ती म्हणून पाहिले जाते. ते कडे कोठे निसर्गाने केलेले आहेत आणि कोठे पाचर व सुरुंगाने, याची छाननी इतिहासाच्या अभ्यासकाने भूशास्त्रज्ञाबरोबर करावयास हवी.

अ‍ॅक्रोपोलिसच्या जतनाचे काम १९७५ पासून समितीमार्फत सुरू आहे. तेथे नवा दगड बसवावा लागतो तेव्हा तो पेंटेलिकॉनच्याच उत्तर बाजूच्या डायोनिसॉस येथील खाणीतून येतो. अडीच हजार वर्षांनंतर वास्तू आपल्या डोंगराकडे परत जाऊ शकते. मुंबईच्या वास्तुसंवर्धकाला ती सोय राहिलेली नाही. मालाडच्या दगडाची गरज पडली की पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींचे चिरे शोधावे लागतात. असा चिरा नव्या जागी बसवण्यापूर्वी त्याची दर्शनी बाजू पुन्हा घडवली जाते. आत जाणाऱ्या बाजूवर मात्र पूर्वीच्या टाकीचे माग तसेच राहतात.